कागद खरा होता

माझी सही आखूड आहे. दोन अक्षरं आणि खाली एक रेघ, बस्स. बँकेत लागले तेव्हा पूर्ण नाव लिहायची, पण रोज ढीगभर कागदांवर शाईच्या पेनानं सह्या करायच्या म्हटल्यावर नाव झिजत झिजत दोन अक्षरांवर आलं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे बँकेतल्या गमतीजमती मागितल्या होत्या. गमती पुष्कळ आहेत, पण यंदा त्या सांगवत नाहीत. त्यामुळे या दोन अक्षरांबद्दलच लिहिते.

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतल्या शाखा फिरत माझी बत्तीस वर्षं गेली. आळंद, बसवकल्याण, औराद आणि शेवटी भालकी. निवृत्त झाल्यावर घरी बसून काय करायचं, म्हणून भालकीतच एका आर्थिक सल्ला केंद्रात कराराची नोकरी धरली. केंद्र म्हणजे बसस्टँडसमोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावरची एक खोली, एक टेबल, एक कॉम्प्युटर, तीन खुर्च्या आणि एक रबरी शिक्का. लोक मला बँकेत असतानाही अक्का म्हणत आणि तिथंही अक्काच म्हणायचे. काम सोपं होतं. कुणी काही योजना, ॲप, भिशी, कंपनी घेऊन आलं की ती खरी की खोटी ते बघून सांगायचं. फुकट सल्ला असल्यामुळे गर्दी कमी असायची.

आमच्या भागातल्या माणसाचं कागदाशी असलेलं नातं बाहेरच्यांना कळायचं नाही. आजोबांचे जमिनीचे कागद निजामाच्या काळातले, उर्दूत, बापाचे कन्नडमध्ये, बँकेचे इंग्रजीत आणि घरात बोलायचं मराठी. तीन पिढ्या आपल्याच मालकीचे कागद आपल्याला वाचता आलेले नाहीत. म्हणून माणसं दोन गोष्टी शिकली. एक, कागदावर मोहर आहे का ते बघायचं. दुसरी, कागद वाचता येत नसला तर वाचणाऱ्याचं तोंड वाचायचं. मी काउंटरवर कर्जाचा कागद वाचत असले की समोरचा म्हातारा कागदाकडे ढुंकूनही बघायचा नाही, माझ्या कपाळाकडे टक लावून बसायचा. आठी पडली की म्हणायचा, "काय झालं अक्का?" मला याचं फार कौतुक वाटे. खरं सांगायचं तर गर्वच वाटे.

दुसरी सवय झेरॉक्सवर सहीची. सरकारनं स्वतःची सही पुरे म्हणून सांगून किती वर्षं झाली, तरी आमच्याकडे झेरॉक्सवर कुणातरी साहेबाची सही आणि शिक्का असल्याशिवाय माणसाला झोप लागत नाही. केंद्रातला तो रबरी शिक्का त्यासाठीच होता. 'प्रत मूळ कागदाशी ताडून पाहिली', खाली केंद्राचं नाव, आणि त्यावर माझी दोन अक्षरं.

क्रिप्टो हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो भालकीतल्या एका बियाण्याच्या दुकानदाराकडून. मल्लिकार्जुनअप्पा त्यांचं नाव. लातूरच्या भाच्यानं त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. फोन माझ्यासमोर आदळून म्हणाले, "अक्का, ह्याच्यात पैसे घालायलाव. घालू का नको, एका शब्दात सांगा."

एका शब्दात सांगता येत नाही, म्हणून मी त्यांना सांगितलं तेच इथं सांगते. ही आभासी नाणी विकत घ्यायची तर मध्ये एक दलाल लागतो, त्याला एक्स्चेंज म्हणतात. आडत्यासारखाच तो. भालकीच्या बाजारात आडत घालायची तर बाजार समितीचा परवाना लागतो, मग तो आडत्या सीमेपलीकडच्या उदगीरात कितीही मोठा असो. तसंच इथंही आहे. कंपनी देशी असो की परदेशी, भारतात राहणाऱ्या माणसाशी धंदा करायचा तर तिला दिल्लीतल्या एका सरकारी खात्याकडे नाव नोंदवावं लागतं. पैशांच्या संशयास्पद उलाढालींवर नजर ठेवणारं हे खातं. तर आधी ॲपचं नाव सोडायचं आणि त्यामागच्या कंपनीचं खरं नाव शोधायचं, ते ॲपच्या अटींमध्ये अगदी तळाला बारीक अक्षरात असतं. मग ते नाव दिल्लीच्या नोंदणीत आहे का बघायचं. मग त्याच अटींमध्ये ही कंपनी कोणत्या देशांतल्या रहिवाशांना सेवा देते आणि कोणत्या नाही, ते वाचायचं. आणि शेवटी आपल्या फोनमधलं ॲप त्याच कंपनीचं आहे की कुणी तिचा मुखवटा घालून आलंय, ते पाहायचं. एवढं सगळं बरोबर निघालं तरी पैसे बुडणार नाहीत असा त्याचा अर्थ नाही. इथं धंदा करायला उभा राहिलाय तो माणूस निदान हजेरीपटावर आहे, एवढाच अर्थ.

अप्पांचं ॲप हजेरीपटावर नव्हतं. मी नको म्हटलं. ते रागावले, पण पैसे घातले नाहीत. पुढे वर्षभर बाजारात मला ऐकू येईल असं म्हणायचे, "अक्कामुळं माझं लाखाचं नुकसान झालं बघा." माणूस वाचला की वाचल्याचं त्याला कधी कळत नाही आणि आपल्याला शिव्या खाव्या लागतात. या धंद्यातली ही एकच गंमत मी अजून हसून सांगू शकते.

व्यंकट गुरुजी आले ते नोव्हेंबरात. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्यांचा महिना. माझ्या खोलीबाहेर जिन्यापर्यंत रांग होती. गुरुजी ठाणाकुशनूरचे. तिथल्या मराठी शाळेत सारा जन्म गणित शिकवलेला कडक माणूस. सोबत मुलगी शकू. शकू पस्तिशीची आहे आणि मनानं पाच वर्षांची. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली. गुरुजी कुठेही गेले तरी शकू बरोबर असायची, त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून. माझ्याकडे आली की तिला एकच गोष्ट हवी असे, तो रबरी शिक्का. रद्दी कागदावर धप् करून ठोकला की तिला इतका आनंद व्हायचा की रांगेतली कंटाळलेली माणसंसुद्धा हसायची.

गुरुजींनी फाइल उघडून एक कागद काढला. उदगीरला रंगीत छापून आणलेला. इंग्रजी मजकूर आणि खाली लाल मोहर. एका जुन्या विद्यार्थ्यानं त्यांना कसल्याशा व्हॉट्सॲप ग्रुपात घेतलं होतं, तिथून हे एक्स्चेंज आणि तिथूनच हा कागद आला होता. कुठल्यातरी दूरच्या थंड देशातलं नोंदणीपत्र होतं.

"अक्का, हे तेवढं बघा. कागद खरा हाय का खोटा, एवढंच सांगा."

"गुरुजी, तुम्ही कामून ह्याच्यात पडायलाव?" मी म्हटलं.

त्यांनी शकूकडे पाहिलं. ती शिक्क्याच्या शाईत बोट घालत होती. "माझ्या मागं हिला कोण? चुलतभावाची बायको हाय, एकटीच हाय बिचारी, घरी येऊन ऱ्हाते म्हणाली. तिला महिन्याला काय तरी द्यावं लागंल की न्हाई? बँकेच्या व्याजात माझं अन् शकूचंच भागंना. निवृत्तीचे पैसे पडून हायेत. ते वाढले तर मी सुखानं डोळे मिटंन."

मी कागदावरचा नंबर घेतला, त्या देशाच्या सरकारी नोंदवहीचं पान उघडलं आणि नंबर टाकला. कंपनीचं नाव आलं. पत्ता जुळला. तारीख जुळली. इतक्या खोट्या कागदांनंतर एक खरा निघाला याचा मला आनंद झाला, आणि हे लिहायला मला लाज वाटते.

"कागद खरा हाय, गुरुजी," मी म्हटलं. "पण ही नोंद तिकडली हाय. आपल्याकडं चालतंय का, ते येगळं बघावं लागंल. सोमवारी या."

गुरुजी हसले. "तिकडलं अन् इकडलं, असं आपल्यात कधी काय होतं अक्का? हिचा जन्म उदगीरच्या दवाखान्यातला, माझं शिक्षण लातूरचं, बियाणं तिकडलं, गावच्या सुना तिकडल्या. तिकडं खरं असलेलं इकडं चाललं न्हाई, असं एक तरी दाखवा."

रांग हसली. मीही हसले. सीमेवर राहणाऱ्या माणसाला हे पटवणं कठीण असतं, आणि त्या दिवशी मी पटवायचा प्रयत्नही केला नाही. मागे कुणीतरी खाकरत होतं. गुरुजींना गावची गाडी गाठायची होती.

"फाइलीला असू द्या, सही तेवढी द्या," असं म्हणून त्यांनी झेरॉक्स पुढे केली. बत्तीस वर्षांच्या सवयीनं माझा हात आपोआप चालला. दोन अक्षरं, खाली रेघ. शकूनं हात पुढे केले होते. मी शिक्का तिच्या हातात दिला आणि तिनं दोन्ही हातांनी तो माझ्या सहीशेजारी धप् करून ठोकला. सरळ उठला म्हणून गुरुजींनी तिची पाठ थोपटली.

सोमवारी गुरुजी आले नाहीत, आणि मीही बघितलं नाही. माझ्या पहिल्या मॅनेजरांनी शिकवलं होतं की गिऱ्हाईकानं विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, जास्त बोललं की अंगाशी येतं. गुरुजींनी विचारलं होतं, कागद खरा की खोटा. मी त्याचं बरोबर उत्तर दिलं होतं. त्यांनी विचारायला हवं होतं, हे लोक माझ्यासारख्याशी धंदा करू शकतात का? तो प्रश्न त्यांना माहीत नव्हता, मला माहीत होता. एवढाच फरक आहे, आणि त्या फरकाचाच पगार मी घेत होते.

चार महिन्यांनी बसवकल्याणहून एक तरुण फोटोग्राफर आला. ओळख ना पाळख. फोन पुढे करून म्हणाला, "अक्का, ही सही तुमचीच ना? तेवढीच खात्री करायला आलोय. तुमची असंल तर उद्या पैसे घालतो."

झेरॉक्सची झेरॉक्स, तिचा फोटो, असं होत होत अक्षरं पुसट झाली होती. इंग्रजी मजकूर वाचता येत नव्हता. लाल मोहर काळी पडली होती. स्पष्ट दिसत होता तो फक्त आमचा शिक्का आणि माझी दोन अक्षरं. खाली ग्रुपमध्ये कुणीतरी लिहिलं होतं, 'भालकीच्या बँकेतल्या अक्कांनी तपासलेलं हाय, बिनधास्त घाला.'

मी त्याला बसवलं आणि नोव्हेंबरात करायचं काम तेव्हा केलं. कंपनीचं नाव दिल्लीच्या नोंदणीत नव्हतं. मग अटी उघडल्या. तळाशी, बारीक अक्षरात, ज्या देशांतल्या रहिवाशांना सेवा दिली जात नाही त्यांची नावं होती. त्यात भारत होता. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. ज्या परदेशी नोंदवहीचा मला आनंद झाला होता, तिच्या पानावरही खाली एक ओळ होती, की ही नोंद म्हणजे शिफारस नव्हे. हे सगळं बघायला मला चार मिनिटं लागली. पोरगा उठून गेला, आभार न मानता, जरासा नाराजच. निदान तो वाचला.

गुरुजींचा फोन लागेना. मी केंद्राला कुलूप लावलं आणि मिळेल त्या गाडीनं ठाणाकुशनूर गाठलं. गुरुजी ओट्यावर बसले होते, शकू शेजारी शेंगा फोडत होती. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की आत जाऊन पाणी आणायच्या आधी फोनच दाखवायला लागले. "बघा अक्का, दुपटीच्या वर गेलेत. काढायला गेलो तर आधी टॅक्स भरा म्हणायलेत. सोसायटीतून उचल घेतलीय, उद्या भरतो. तुमच्या सहीचे उपकार हायेत."

मी पिशवी खाली ठेवून ओट्याच्या कडेला बसले. गुरुजींनी फोन खाली ठेवला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या बापानं उर्दूचा कागद वाचणाऱ्या मुन्शीकडे जसं पाहिलं असेल तसं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "व्हय का?"

मी मान हलवली.

"सगळेच?"

"टॅक्स भरू नका, गुरुजी. तेवढं तरी वाचवू," मी म्हटलं.

ते उठले, आत गेले आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आले. त्यांनी मला एक वाईट शब्द बोलावा म्हणून मी बसून राहिले, पण ते शेतातल्या तुरीबद्दल बोलत राहिले. शकूनं माझ्या पिशवीत हात घालून शिक्का शोधला. मी तो आणला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही बीदरला तक्रार द्यायला गेलो. फौजदार माझ्या मुलाच्या वयाचा होता, समजूतदार होता. पैसे कुठल्या कुठल्या खात्यांतून फिरून कुठे गेले ते त्यानं नीट समजावून सांगितलं, आणि परत येतील का विचारल्यावर चहा मागवला. मग फाइलीतली झेरॉक्स उचलून कन्नडमध्ये विचारलं, "ई सही यारदु, म्याडम?" ही सही कुणाची?

"नंदे," मी म्हटलं. माझीच.

त्यानं ते लिहून घेतलं. मला त्रास काही झाला नाही. मी खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं. कागद खरा होता, प्रत ताडून पाहिलेली होती, आणि कायद्याच्या भाषेत माझ्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती. कधी कधी वाटतं, जागा असती तर बरं झालं असतं. मी त्या ग्रुपात शिरून खुलासा लिहिला, तर दोन मिनिटांत मलाच ग्रुपातून काढून टाकलं. माझी सही मात्र तिथंच राहिली. तिच्या भरवशावर किती जणांनी पैसे घातले ते मला माहीत नाही. औरादला, आळंदला बाजारात कुणी माझ्याकडे बघून मान फिरवली की मला वाटतं, त्यातलाच असेल. केंद्राची नोकरी मी सोडली, शिक्का जमा केला आणि झेरॉक्सवर पुन्हा सही करायची नाही असं ठरवलं.

यंदा उन्हाळ्याच्या शेवटी गुरुजी माझ्या घरी आले. बारीक झाले होते, जिना चढून दम लागला होता. शकूच्या अंगावर नवा ड्रेस होता आणि केसांना तेल लावून घट्ट वेणी घातली होती. गुरुजींनी तीच फाइल उघडली.

"कलबुर्गीला अशा लेकरांची सरकारी संस्था हाय. हिचं नाव घातलंय, जागा मिळाली. चुलतभावाची बायको म्हणाली, फुकट कसं येऊ. तिचं बी बरोबर हाय. पुतण्याला विचारलं, तो काय बोललाच न्हाई. माझ्या छातीचं काय खरं न्हाई म्हणायलेत डॉक्टर. मी असताना रुळली तर बरं, म्हणून." त्यांनी शकूच्या अपंगत्वाच्या दाखल्याची झेरॉक्स काढली. "ह्याच्यावर ओळखणाऱ्या साहेबाची सही आणा म्हणालेत."

"मी आता साहेब नाही, गुरुजी. माझी सही कुणाला चालायची नाही."

"तुमच्या सहीला कोण न्हाई म्हणंल, अक्का?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा असेल, निदान तेवढा तरी असेल, म्हणून शोधलं. नव्हता. ते मनापासून बोलत होते.

मी मूळ दाखला मागून घेतला. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, फोटो, एकेक अक्षर ताडून पाहिलं. संस्थेची नियमावली मागितली आणि तळाशी बारीक अक्षरात काय आहे ते दोनदा वाचलं. भेटीचा दिवस महिन्यातून एक. ठाणाकुशनूरहून कलबुर्गी गुरुजींना किती दिवस झेपेल, ते त्यात लिहिलेलं नव्हतं. सगळं बरोबर होतं. संस्था खरी होती, नोंदलेली होती, इथल्याच रहिवाशांसाठी होती. मग मी शाईचं पेन काढलं आणि दोन अक्षरं लिहून खाली रेघ ओढली.

शकूनं दोन्ही हात पुढे केले.

"शिक्का न्हाई गं बाई आता," मी म्हटलं. तिला कळलं नाही. ती टेबलावर शोधत राहिली, माझ्या चष्म्याची डबी उघडून बघितली. मग तिनं मूठ वळली आणि माझ्या सहीशेजारी कागदावर धप् करून ठोकली, आणि कौतुकासाठी बापाकडे पाहिलं. शाई ओली होती, ती तिच्या मुठीला लागली.

गुरुजींनी तिची पाठ थोपटली. खिशातून रुमाल काढून तिचा हात पुसला, कागद वाळेपर्यंत फुंकर घातली आणि फाइलीत ठेवला.

"चल शकू," ते म्हणाले, "गाडी गाठायची हाय."